पेरताना स्वयंपाकघराला विचारलं होतं का?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

“३ वर्षांपूर्वी शहर सोडून आम्ही एकरभर शेतावर राहायला आलो. नवरा, मी, सासूबाई, १३ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. नवरा अर्धा दिवस नोकरी करतो, अर्धा दिवस शेतात असतो, मी घरून काम करते. एरवी बरं चालतं पण शरद ऋतू आला की मला धडकी भरते. टोमॅटो, शेंगा, भोपळे, झुकिनी, मिरच्या सगळं एकदम. रोज संध्याकाळी ओट्यावर दोन-तीन क्रेट येऊन पडतात आणि मी रात्री बारापर्यंत चिरतेय, उकळतेय, बाटल्या भरतेय. टोमॅटो तर भरतेच, यंदा एका नातेवाईक काकूंनी सांगितलं तशा शेंगापण मिठाच्या पाण्यात घालून बाटल्या तासभर उकळून ठेवल्यात. नवरा म्हणतो, आपण पिकवलेलं वाया जाता कामा नये, जगात किती अन्न फेकलं जातं बघ. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी हे सगळं व्हायचं. मुलगी ताट बघून म्हणते ‘परत टोमॅटो?’ आणि पाकिटातलं सूप मागते. गेल्या वर्षीच्या सॉसच्या १९ बाटल्या अजून फळीवर आहेत. परवा धाकट्यावर विनाकारण ओरडले, तो बिचारा नुसता मदत करायला आला होता. मुलांना आपल्या मातीतलं खायला मिळावं म्हणून तर इथे आलो ना? मग माझं काय चुकतंय? की हे आम्हाला झेपणारच नाही, परत जावं? ता. क. थंडी पडायच्या आत तोडलेले १२ किलो हिरवे टोमॅटो आत्ता समोर आहेत, त्यांचं काय करू?”

ताई,

टोमॅटोकडे येतेच, पण आधी एक गोष्ट, आणि ही वाचून झाल्या झाल्या उठा. त्या शेंगांच्या बाटल्या. त्या कुणालाही खायला देऊ नका. चव घेऊन बघू नका, वास घेऊन बघू नका, उघडूच नका. काकूंनी प्रेमानेच सांगितलं असणार पण साध्या पाण्यात कितीही वेळ उकळलं तरी तापमान १०० अंशाच्या वर जात नाही, आणि मातीतून येणाऱ्या, बोटुलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू त्यात मरत नाहीत. बंद बाटलीत हवा नसते, शेंगांना आंबटपणा नसतो, बाटली फळीवर कोमट खोलीत असते, म्हणजे त्या बीजाणूंना जे जे पाहिजे ते सगळं आपणच हातात दिल्यासारखं झालं. विष तयार झालं तरी झाकण फुगेलच किंवा वास येईलच असं नाही. बाटल्या तशाच बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको आणि जनावरांनाही नको. आणि समजा आधीच कुणी खाल्ल्या असतील आणि एकाची दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास असं काही दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आंबट नसलेली कुठलीही भाजी बाटलीत भरायची तर दाबाखाली ११६ अंशांच्या वर न्यावी लागते, त्यासाठी दाबाचा काटा असलेलं वेगळं मोठं भांडं येतं, रोजचा कुकर ते काम करत नाही. तुम्हाला सध्या आणखी एक भांडं नकोय. शेंगा ३ मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, पुसून कोरड्या करून फ्रीझरमध्ये. संपलं. टोमॅटो बाटलीत चालतो कारण तो आंबट असतो, पण तोही अगदी काठावर, काही जाती त्या काठाच्या पलीकडे जातात, म्हणून १ लिटरच्या बाटलीत २ मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस घालायचाच. बाटलीबंद अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचं काही सांगता येत नाही. आणि कृतीत जो वेळ लिहिलेला असतो तो पूर्ण उकळायचं, अंदाजे नाही. पेंगत पेंगत रात्री साडेअकराला नेमकी हीच पायरी चुकते.

हं, आता बसा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हा दमलेल्या बाईचा प्रश्न आहे, झोपा, मदत मागा, वगैरे सांगायचं. दुसऱ्यांदा वाचताना ते “ओट्यावर क्रेट येऊन पडतात” डोळ्यात भरलं. येऊन पडतात! जसं काही आभाळातून पडतात. ताई, टोमॅटोची रोपं किती लावायची हे कुणीतरी ठरवलंच असेल ना, बी आणताना, रोपं मोजताना? तेव्हा तुम्ही तिथे होतात का? तुमच्या पत्रात शेत नवऱ्याचं आहे आणि स्वयंपाकघर तुमचं आहे, आणि मधे एक दार आहे ज्यातून फक्त क्रेट आत येतात, निरोप बाहेर जात नाही. मला वाटतं सगळी गोची इथेच आहे. तुमचं शरदातलं काम वसंतातच ठरून गेलेलं असतं, तुम्हाला न विचारता. त्यांना दोष देत नाहीये मी, बहुतेक घरांत असंच चालतं, रोप लावायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांमागे स्वयंपाकघरात किती तास उभं राहायचंय हे कुणी मोजलेलंच नसतं.

तर मोजूया. तुम्ही रोपांचा आकडा लिहिलेला नाही पण रोज दोन-तीन क्रेट म्हणजे मी धरते ४० रोपं टोमॅटोची. एका रोपाला सहज ४ किलो धरा, झाले १६० किलो. आता उलटीकडून मोजा. तुम्हाला आठवड्याला १ लिटर सॉस लागतो असं समजू, अर्ध्या वर्षाच्या २६ बाटल्या. १ लिटर पातळसर सॉसला साधारण अडीच किलो टोमॅटो आटतो, म्हणजे ६५ किलो. वर ताजे खायला २० किलो धरा. ८५ किलोला एकवीस-बावीस रोपं पुरतात. उरलेली अठरा रोपं तुमची झोप खातायत, बाकी काही नाही. आणि गेल्या वर्षीच्या १९ बाटल्या फळीवर आहेत म्हणजे आठवड्याला १ लिटरसुद्धा संपत नाही हे तुमच्या घराने आधीच सांगून टाकलंय. झुकिनीचं तर बोलायलाच नको, पाच माणसांना दोन वेल पुष्कळ, तिसरा लावणारा माणूस शत्रू समजावा.

रोपं किती याच्याइतकंच कुठली हेही बघायला पाहिजे. टोमॅटोच्या झुडपी जाती असतात, त्या ठरावीक उंचीला थांबतात आणि सगळं फळ दोन-तीन आठवड्यांत एकदम पिकवून मोकळ्या होतात. कारखान्याला तेच सोयीचं असतं. दुसऱ्या उंच वाढत जाणाऱ्या, त्या काठीला बांधाव्या लागतात पण थंडी पडेपर्यंत थोडं थोडं देत राहतात. तुमच्याकडे “सगळं एकदम” येतंय यावरून मला दाट शंका आहे की नर्सरीत जी रोपं दिसली ती, म्हणजे झुडपी, आली असणार. पुढच्या वर्षी सॉससाठी झुडपी सात-आठ, म्हणजे एकाच शनिवारी सगळं घर मिळून एकदा काय तो धिंगाणा घालायचा, आणि बाकीची उंच.

आता नवऱ्याचं वाक्य, “वाया जाता कामा नये”. चांगल्या मनाने म्हणतायत आणि आकडाही खरा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने काढलेल्या हिशोबात २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळजवळ ६० टक्के घरांमधलं होतं. पण हे दुकानं, हॉटेलं आणि घरं यांच्यापर्यंत पोचून फेकलेलं अन्न आहे. लांबून ट्रकने आलेलं, फ्रिजमध्ये विसरलेलं, मग कचऱ्याच्या डब्यात गेलेलं. तुमच्या वेलीखाली पडलेला टोमॅटो त्यात येत नाही, तो जिथून आला तिथेच परत जातो. शरदात पाला तर ढिगाने पडतोच, वाळक्या पाल्याच्या दोन-तीन टोपल्यांना एक टोपली ओला माल असं थर देत गेलात तर पुढच्या वर्षी तीच जमीन भुसभुशीत मिळेल (रोग पडलेली रोपं मात्र त्यात नको, साध्या ढिगात पुरेशी उष्णता होत नाही). आणि शेजारी आहेत, मित्र आहेत, एक क्रेट उचलून देऊन टाकायला १० मिनिटं लागतात.

खरं विचारायचं ते हे की टोमॅटो वाया जाऊ नये म्हणून काय काय वाया जातंय. तुमची झोप, धाकट्याची ती संध्याकाळ, आणि गॅस किती जळतो ते वेगळंच.

माझं एक सांगते, हसा हवं तर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शरदात मीसुद्धा अशीच भूत लागल्यासारखी हिरव्या टोमॅटोची चटणी केली होती, ४० बाटल्या. सुरेख अक्षरात लेबलं लिहिली, तारखा टाकल्या, वरून कापडाच्या टोप्या. पहिल्या वर्षी सहा संपल्या, त्यातल्या चार मी लोकांना दिलेल्या. तिसऱ्या वर्षी झाकणांच्या कडांना गंज चढला, आतला माल काळपट झाला आणि एका दुपारी गुपचूप कुदळ घेऊन सगळ्या बाटल्या एकेक करून खड्ड्यात रिकाम्या केल्या. म्हणजे जे टोमॅटो मी सरळ खड्ड्यात घालू शकले असते तेच तेल, साखर, गॅस आणि आठ रात्री खर्च करून घातले. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही की चटणी संपली. फार लागलं ते, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नका, त्यांना उलट विचारा, शांतपणे, शेंगा सोलायला सोबत बसवून, की तुमच्या वेळी हे करायला घरात किती बायका होत्या? मला उत्तर साधारण माहितीये. चार, पाच, सहा. जावा, नणंदा, शेजारणी, आणि मुलांना बघायला आणखी कुणीतरी. तेच काम एकट्या बाईच्या अंगावर टाकून “आमच्या वेळी व्हायचं” म्हणणं हिशोबात बसत नाही, आणि बहुतेकदा त्या स्वतःच सांगता सांगता थांबतात, मग आठवतं त्यांना की कंबर तेव्हाही दुखायचीच.

मुलांबद्दल. इथे मी जरा वाद घालणार आहे. मुलांना शेतातलं अन्न *आवडलंच* पाहिजे ही अट कुणी घातली? १३ वर्षांच्या मुलीला सलग तीन आठवडे टोमॅटो दिला तर ती “परत टोमॅटो?” म्हणणारच, मीही म्हणेन. तिला शेताचा तिटकारा आलाय असं त्यावरून ठरवू नका, आणि पाकिटातल्या सूपला तर अजिबात घाबरू नका, आठवड्यातून एकदा तिला ते करून घेऊ दे, तेवढीच तुम्हालाही सुट्टी. तिला पुढच्या वर्षीच्या रोपांची यादी करायला बसवा मात्र. काय नको ते तिला पहिल्यांदा लिहू दे, नावडतीची यादी पटकन होते आणि तुम्हाला तीच जास्त उपयोगी आहे.

धाकट्याला स्वयंपाकघरातली मदत नको, गरम भांड्यांच्या आसपास ७ वर्षांचं पोर म्हणजे तुमच्या जिवाला घोर. त्याला लसूण द्या. लसूण लावायचे हेच दिवस. गड्डा फोडायचा, साल काढायची नाही, मोठ्या पाकळ्या निवडायच्या, टोक वर ठेवून साधारण ५ सेंटिमीटर खोल, दोन पाकळ्यांत वीतभरापेक्षा थोडं कमी. लसणाला थंडी लागावीच लागते, थंडी मिळाली नाही तर गड्ड्याच्या पाकळ्या नीट सुट्या होत नाहीत, एकच गोल गोळा निघतो. म्हणजे ज्या थंडीची तुम्ही धास्ती घेतलीये तिचीच वाट बघणारं एक पीक त्याच्या नावावर करून द्या. पाटी त्याला लिहू दे, अक्षर उलटंसुलटं आलं तरी. परवा ओरडलात ना, “चल, मला तुझी मदत लागणारे” एवढंच म्हणा, सात वर्षांच्या माणसाला माफीचं भाषण लागत नाही.

आता या वर्षीचं जे उरलंय त्याचं. तुमची समजूत अशी दिसते की आलेलं सगळं त्याच रात्री उरकलं पाहिजे. नाही हो. पिकलेले टोमॅटो धुवा, पुसा, अख्खेच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, सोलणं नाही, उकळणं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी काढून नळाखाली धरले की सालं आपोआप निघून येतात आणि सॉस तेव्हा करा, थंडीत चूल पेटलेली बरीच वाटते. फ्रीझर उणे १८ला आहे ना तेवढं बघा. भोपळ्याला तर काहीच करायचं नसतं, तो स्वतःच बाटली आहे. देठ ठेवून कापा, पण देठाला धरून उचलू नका, तुटला की तिथून कुजतो. १० दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवून साल टणक होऊ द्या, मग कोरड्या गारशा जागेत, जमिनीला न टेकवता, एकमेकांना न चिकटवता. दोन-तीन महिने तो तुमच्याकडे काही मागत नाही. कांदे-बटाटे वेगळे वेगळे ठेवा, बटाटे अंधारात, हिरवे झालेले खायचे नाहीत, हे माहीत असेलच.

शेंगा ज्या वेलीवर राहिल्यात त्या तोडायच्याच नाहीत. वाळू द्या. खडखड वाजायला लागल्या की आणायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांनी गप्पा मारत सोलायच्या, सासूबाई या कामात तुम्हा सगळ्यांना मागे टाकतील. फक्त हे वाळलेले दाणे शिजवताना रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, राजम्यासारख्या दाण्यांत जे बाधक असतं ते मंद आचेवर जात नाही, उलट त्रास वाढतो.

आणि एक वही. स्वयंपाकघराच्या दाराला दोरीने बांधा, पेनसकट. काय आलं, किती किलो, त्यावर किती तास गेले. आणि शेवटच्या रकान्यात, थंडी संपेपर्यंत, किती बाटल्या *उघडल्या*. भरल्या किती ते सगळेच मिरवतात. नवऱ्याशी बोलणं या वहीवर होऊ दे, रात्री अकराला हातात गरम भांडं असताना नको, तेव्हा कुठलंही वाक्य भांडणासारखंच ऐकू येतं. बी आणायच्या आधी, दुपारी, चहा घेऊन बसा. “तू एवढं का लावतोस” असं सुरू करू नका, “पुढच्या वर्षी स्वयंपाकघरात आठवड्याचे सहा तास आहेत, त्यात काय काय बसवूया?” असं विचारा. सहा नाही तर चार, तुम्ही ठरवा. जेवढे तास तेवढीच रोपं. वर आणखी दोन तास ते स्वतः उभे राहिले तर आठ तासांची रोपं लावा, माझी काही हरकत नाही! माझ्या अनुभवात एक शनिवार ओट्याशी काढला की पुरुषमाणसाचा रोपांचा आकडा आपोआप खाली येतो.

एक अवांतर, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. मला त्यात एवढंच आवडलं की शेतकरी म्हटल्यावर डोळ्यासमोर कोण येतं हा प्रश्न तरी कुणी काढला. तुम्ही पत्रात “नवरा शेतात असतो” लिहिलंय आणि स्वतःबद्दल “मी घरून काम करते”. रात्री आठ ते बारा जे करता ते कुठल्या खात्यात टाकलंत?

परत जावं का, याचं उत्तर मी देणार नाही आणि तुम्हीही आत्ता देऊ नका. वर्षातल्या सगळ्यात दमलेल्या महिन्यात घर, नोकरी, लग्न, शेत यातलं काहीही मोडायचं ठरवू नये असं माझं मत आहे. थंडी सरता सरता वही उघडा, शेवटचा रकाना बघा, मुलीची यादी बघा, मग दोघं बसून ठरवा. तेव्हाही नको वाटलं तर नको, एकराचं अर्धा एकर करणं हाही एक पर्याय आहे, उरलेल्या जमिनीवर गवत वाढलं तर जमिनीला काही वाईट वाटत नाही. आणि नुसती भाजीचे चार वाफे ठेवून बाकी वर्षभर मजेत राहणारी कितीतरी कुटुंबं आहेत, ती फोटो टाकत नाहीत इतकंच.

राहता राहिले तुमचे १२ किलो हिरवे टोमॅटो. चिरू नका. फुटलेले, डाग पडलेले बाजूला काढा, बाकीचे उथळ खोक्यात वर्तमानपत्रावर एका थरात पसरा, एकमेकांना लागू न देता. पिकायला ऊन लागत नाही, घरातली साधी ऊब पुरते, फ्रिजमध्ये मात्र नाही. खोक्यात एक पिकलं केळं किंवा सफरचंद ठेवा, त्यातून जो वायू सुटतो त्याने लवकर रंग चढतो. सगळे एकदम पिकायला नको असतील तर अर्धे खोके केळ्याशिवाय, जरा गार खोलीत. दोन-तीन दिवसांनी एकदा नजर टाका, नरम पडलेला काढून घ्या, हे काम मुलीचं. आत्ता फक्त शेंगांच्या बाटल्या पिशवीत भरा, ओट्यावरचा दिवा बंद करा आणि झोपायला जा.